चौथा ट्रॅक

अडतिसाव्या वर्षी मला पहिल्यांदा कोणीतरी ‘ज्येष्ठ’ म्हणालं. म्हणणाऱ्याला अजून धड मिशी फुटली नव्हती. ऐंशीचं दशक निम्मं उलटलं होतं आणि मी मुलुंडच्या एका औषध कंपनीत पॅकिंग खात्यात सुपरवायझर होतो. सुपरवायझर म्हणजे खोकल्याच्या बाटल्यांना लेबलं सरळ चिकटतात की नाही, हे दिवसभर बघणारा माणूस. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याचा मुलगा कॉलेजातल्या एका बँडमध्ये ड्रम वाजवायचा. बापाने कधीतरी घरी हसत हसत सांगितलं असणार, की आमच्या खात्यात एक जण आहे, पूर्वी केस वाढवून गिटार बडवायचा. झालं. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत चार पोरं गेटवर हजर.

चौघांपैकी तिघं वाजवणारी होती. एक ड्रमवाला, एक बेसवाला आणि एक गिटारवाला, तोच गायचाही. चौथा काहीच वाजवत नसे. तो स्वतःला प्रोड्युसर म्हणवून घ्यायचा. प्रोड्युसर म्हणजे पांढरे बूट घालून सिनेमात पैसे घालणारा माणूस, अशी माझी समजूत होती. याच्या पायात रबरी चपला होत्या. पण त्याच्याकडे मस्कतच्या भावोजींनी आणून दिलेलं एक यंत्र होतं. दिसायला मोठ्या टेपरेकॉर्डरसारखं, पण त्यात साध्या कॅसेटवर चार आवाज चार वेगवेगळ्या पट्ट्यांवर घेता यायचे आणि मागाहून एकत्र करता यायचे. या पट्ट्यांना तो ट्रॅक म्हणायचा. सगळ्या मुलुंडमध्ये असं दुसरं यंत्र नाही, हे त्याने मला पहिल्या पाच मिनिटांत तीनदा सांगितलं.

“काका, आम्ही एक गाणं करतोय,” तो म्हणाला. “तुमच्या टायमाचं कोणीतरी ज्येष्ठ माणूस पायजे. मधला सोलो तुम्ही वाजवायचा.”

‘काका’ ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला होता, तो ‘सोलो’ ऐकून लगेच भरून निघाला. सोलो म्हणजे गाणाऱ्याने मध्येच गप्प बसायचं आणि गिटारवाल्याने एकट्याने काय ते दाखवायचं. मी घड्याळाकडे बघत म्हणालो, “बघतो, वेळ काढता आला तर.” पॅकिंग खात्यातल्या माणसाला वेळ काढता येईनासा झाला तर मग कोणाला येणार! पण ज्येष्ठांनी असंच बोलायचं असतं, अशी माझी कल्पना होती.

खरं सांगायचं तर मी त्या सोलोसाठी त्या पोरांचे पायसुद्धा धरले असते. कारण माझ्या वाजवण्याचा एकही पुरावा या जगात शिल्लक नव्हता.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आम्हा चौघांचा एक बँड होता. अंधेरीचे दोघे, घाटकोपरचे दोघे. कॉलेजांचे सोशल, वांद्र्याचे नाताळचे डान्स, कोणाच्या तरी बंगल्यातल्या वाढदिवसाच्या पार्ट्या, असं सहा-सात वर्षं वाजवलं. गाणी आम्ही स्वतः लिहायचो, आणि इंग्रजीतून लिहायचो, जी भाषा आमच्यापैकी एकालाही बोलता येत नव्हती. व्यवस्थेविरुद्ध बंड पुकारायचो आणि साडेआठला जेवायला घरी पोचायचो. माझे केस खांद्यापर्यंत होते. मे महिन्यात कोकणात गावी गेलो की म्हातारी माणसं मला मुलगी समजून आईला विचारायची, “ह्या चेडू कोणाचा गो?” तरी स्टेजवर चढलो की मी कोणीतरी होतो. निदान मला तसं वाटायचं. आता ते खरं होतं की नाही हे तपासायला काहीच उरलं नव्हतं. आमचा एकच कार्यक्रम कोणीतरी टेप केला होता, अंधेरीच्या एका हॉलमधल्या माइकवाल्याने. पुढच्याच महिन्यात त्याने त्याच टेपवर आपल्या मुलीच्या लग्नातली मंगलाष्टकं घेतली. ती टेप मी मुद्दाम जाऊन ऐकून आलो. शेवटच्या ‘शुभमंगल सावधान’नंतर माझ्या गिटारचे चार सूर राहिले असतील अशी आशा होती. नव्हते राहिले.

मग आमच्यातला एक आखातात गेला, एक विमा एजंट झाला, एक लग्नाच्या वरातीत ट्रम्पेट वाजवू लागला. मला नोकरी लागली, लग्न झालं. गिटार जुन्या चादरीत गुंडाळून घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरातल्या माळ्यावर गेली, गावाहून येणाऱ्या तांदळाच्या डब्याशेजारी. अकरा वर्षं ती तिथे पडून होती.

आईला या गोष्टीचं दुःख झालं असेल असं मला कधी वाटलं नाही. तिला माझं वाजवणं आवडत नसे, आणि ती तसं तोंडावर सांगायची. माझ्या सगळ्या कलेला तिच्याकडे ‘आदळआपट’ हा एकच शब्द होता. शेजारच्या मुलाने पेटीवर आरती वाजवली तर “बरा वाजवता हां” म्हणायची. मला आयुष्यात कधी ‘बरा’ मिळाला नाही.

तिच्यावर मी एकदा ओरडलो होतो, तेही इथेच सांगून टाकतो, कारण पुढे ते लागणार आहे. गिटार नवी घेतली त्या वर्षी खंडेनवमीला मी सकाळी उठलो तर आईने पूजा मांडलेली. कोयता, विळी, कातरी, तिचं शिवणयंत्र, वडिलांचा गिरणीतला पाना, आणि त्यांच्या रांगेत माझी गिटार. वर झेंडूचं फूल, हळदकुंकू, अक्षता. मी तेव्हा देवधर्म मानत नव्हतो, निदान मित्रांसमोर तरी. “अगं, हे रॉकचं वाद्य आहे, ही काय विळी वाटली तुला? पॉलिशला डाग पडतील ना!” असं मी सगळ्या चाळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोललो. आई म्हणाली, “हत्यार मां तुझा? मगे?” मी गिटार उचलून घेतली आणि सदऱ्याच्या बाहीने पुसली. पुढच्या वर्षीपासून पूजेत गिटार दिसली नाही. आपण आईला विज्ञानवादी केलं, असं मी बरेच दिवस समजत होतो.

तर श्रावणात ती गिटार माळ्यावरून खाली आली. ही गिटार पोकळ पेटीची होती, व्हायोलिनला असतात तशा दोन वळणदार चिरा पुढच्या फळीवर असलेली. तारा गंजल्या असतील, धूळ बसली असेल, कोळ्यांनी संसार थाटला असेल, अशा तयारीने मी चादर सोडली. तारा गंजल्या होत्याच, पण धूळ अजिबात नव्हती. चादर चांगली गुंडाळली होती आपण, म्हणून मी स्वतःलाच शाबासकी दिली.

तालमी रविवारी सकाळी मुलुंडला ड्रमवाल्याच्या घरी व्हायच्या. ड्रमवर सतरंजी टाकलेली असे, कारण खालच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहत. गाणं मराठीत होतं आणि गच्चीवरच्या गळक्या पाण्याच्या टाकीवर होतं. आमच्या वेळी आम्ही क्रांतीच्या खाली उतरत नसू, त्यामुळे टाकीवरचं गाणं ऐकून मला आधी हसू आलं. मग तिसऱ्या रविवारी लक्षात आलं की घरी अंघोळ करताना मी तेच गुणगुणतोय.

माझ्या वाजवण्याबद्दल पोरं कधी वाईट बोलली नाहीत. फक्त प्रोड्युसर अधूनमधून म्हणायचा, “झकास काका. जरा कमी वाजवाल काय?” मला वाटायचं तो आवाजाबद्दल बोलतोय, सेक्रेटरींमुळे. मी आवाज कमी करायचो आणि सूर तेवढेच ठेवायचो. माझा सोलो म्हणजे मला येत होतं ते सगळं होतं. अकरा वर्षांचं साठलेलं होतं, ते एका मिनिटात बसवायचं तर घाई होणारच.

तालमीत मला कधी कधी कुठूनतरी बारीक खुळखुळ ऐकू यायची. खाली वाकून उठलो की जास्त यायची, म्हणून मी ती गुडघ्यांच्या खात्यात टाकली आणि कोणाला काही बोललो नाही. ज्येष्ठ म्हणवून घ्यायला मी तयार होतो, पण त्याचा आवाज यावा असं वाटत नव्हतं.

ऑफिसात मात्र मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. कॅसेट निघणार, त्यात सोलो माझा. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, “अरे वा, आता तू आम्हाला ओळख देशील की नाही?” मी त्यावर नुसता हसलो. देणार नव्हतोच.

रेकॉर्डिंग दसऱ्याच्या दिवशी ठरलं. कारण साधं होतं. प्रोड्युसरच्या वडिलांचा साकीनाक्याला नटबोल्टचा गाळा होता, आणि त्या भागात वर्षभर लोखंड ठोकणाऱ्या प्रेसयंत्रांच्या ठकठकीत स्वतःचा आवाज स्वतःला येत नाही. पण खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की दसऱ्याला सगळे गाळे बंद. “वर्षातून हा एकच दिवस शांत असतो, काका,” प्रोड्युसर म्हणाला. मला वाटलं आई सणाच्या दिवशी वाजवायला जातोय म्हणून तोंड वाजवेल. ती एवढंच म्हणाली, “दसऱ्याक वाजवलेला बरा. जेवान ठेवतंय.” श्रीखंड सोडून निघताना मला स्वतःच्या त्यागाचं फार कौतुक वाटलं.

गाळ्यात आदल्या दिवशीची पूजा तशीच होती. प्रेसना झेंडूचे हार, लेथवर कुंकवाचं स्वस्तिक, खाली तेलकट फरशीवर अक्षतांचा सडा. मी पोरांना म्हणालो, “या लोकांचं काही खरं नाही. लोखंडाची काय पूजा करायची!” पोरं हसली. गिटार बाहेर काढताना वरच्या खुंट्यांच्या जवळ एक लालसर ठिपका दिसला. गंज असेल म्हणून मी तो अंगठ्याने पुसून टाकला.

दुपारी दोनपर्यंत पहिले तीन ट्रॅक झाले. एकावर ड्रम आणि बेस, दुसऱ्यावर त्या पोराची गिटार, तिसऱ्यावर गाणं. उरला चौथा ट्रॅक, तो माझा. मी माझा जुना अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, लावला. तो मुळात एक रेडिओ होता, घाटकोपरच्या एका मेकॅनिकने वाकवून अँप केलेला. त्याने एवढी घरघर सुरू केली की प्रोड्युसरने कान झाकले. मग त्याने अँप बाजूला ठेवून माइक थेट गिटारच्या पुढ्यात लावला आणि हेडफोन घालून बसला.

मी पाच वेळा वाजवलं. साकीनाका विमानतळाच्या कुशीत, त्यामुळे दोनदा डोक्यावरून विमान गेलं. त्यातला एक सोलो खरोखर चांगला झाला होता आणि तो नेमका विमानाने खाल्ला, असं मी पुढे कित्येक वर्षं लोकांना सांगत आलो आहे. खरी गोष्ट अशी की पाचही एकसारखे होते. पाचव्यानंतर गिटारवाला पोरगा आपल्या नखांकडे बघत होता.

प्रोड्युसर मात्र हेडफोन कानाशी दाबून बसला होता. “काका, एक मिनिट. गिटार नुसती हलवा बघू.”

“हलवू म्हणजे?”

“हलवा ना. वाजवू नका.”

मी हलवली. खुळखुळ. म्हणजे गुडघे नव्हते ते. मी गिटार उलटी करून झटकली तर चिरेतून तीन-चार दाणे खाली पडले, जुनाट, पिवळे पडलेले तांदूळ. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. माळ्यावर तांदळाचा डबा, शेजारी गिटार. उंदरांनी तिचं कोठार केलं होतं. स्वतःला रॉकवाला म्हणवणाऱ्या माणसाच्या वाद्यात उंदरांचं धान्य निघावं! “उंदीर रे,” मी म्हणालो, “काढून टाकतो थांब.”

“अहो नको, नको!” तो ओरडलाच. “असू दे ते. कसला भारी आवाज आहे काका! गळक्या टाकीचं गाणं आहे आपलं, त्यात हाच आवाज पायजे. तुम्ही गाण्याबरोबर हलवा फक्त.”

त्याने गाणं लावलं, मी माइकसमोर उभा राहून गिटार तालात हलवली, अजून काही टेप न करता, नुसती ऐकायला. तिघंही पोरं एकदम ताठ बसली. दोन महिन्यांत माझ्या एकाही सोलोने त्यांची मान डोलली नव्हती, ती उंदरांच्या तांदळावर डोलली.

मग प्रोड्युसर माझ्याजवळ आला. आता आठवतं तेव्हा वाटतं, पोराने फार सरळपणाने विचारलं होतं. “काका, राग नका मानू. ट्रॅक एकच आहे. त्याच्यावर आत्ता तुमचा सोलो आहे. तो ठेवायचा, का त्याच्या जागी ही खुळखुळ घ्यायची? खुळखुळ घेतली तर सोलो पुसला जाईल. तुम्ही सांगाल तसं करू.”

मी ज्या घरात वाढलो तिथे पानावर बसलेला माणूस “नको, नको, पुरे” म्हणतो आणि वाढणारा त्याचा हात बाजूला करून दोन पुऱ्या वाढतोच. नको म्हणणाऱ्याचं कोणी खरं मानत नाही. खरं मानलं तर तो उपाशी उठेल. त्या सवयीने मी मोठ्या मनाने हात हलवला आणि म्हणालो, “छे रे, माझं काय एवढं! पूस खुशाल. गाणं तुमचं आहे.” आणि थांबलो. आता चौघे एकदम म्हणणार, असं कसं काका, छे छे, तुमचा सोलो पुसून कसं चालेल? मग मी आणखी एकदा नको म्हणणार होतो, ते आणखी आग्रह करणार होते, आणि मग नाइलाजाने मी हो म्हणणार होतो. सगळं मनात बसवून तयार होतं.

“थँक्यू काका,” तो म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

गाणं सुरू झालं होतं, त्यामुळे मला हलवावंच लागलं. साडेतीन मिनिटं मी हार घातलेल्या प्रेसच्या मध्ये उभा राहून गिटार हलवत होतो, आणि त्या साडेतीन मिनिटांत, त्या पट्टीवर, माझा सोलो इंचाइंचाने पुसला जात होता. माझ्याच हाताने. मंगलाष्टकांनी पुसला तेव्हा निदान मी तिथे नव्हतो. डोळ्यांत पाणी आलं, पण हात तालात ठेवला, कारण थांबलो असतो तर सोलोही गेला असता आणि खुळखुळही बिघडली असती. पोरांना वाटलं काका रंगात आलेत.

घरी आलो तेव्हा आईने विचारलं, “वाजवलंस?” मी म्हणालो, “वाजवला. सोलो वाजवला.” तसं पाहिलं तर खोटं नव्हतं. बायकोने श्रीखंड वाढलं. मी नको म्हणालो, तिने वाढलं. तेव्हा मला त्या पोराचा एवढा राग आला की सांगता येत नाही.

दिवाळी झाल्यावर कॅसेट निघाली. पोरांनीच कॉपी केलेल्या कॅसेटी, आत हाताने लिहिलेला कागद. ड्रम, बेस, गिटार आणि गायन यांच्यासमोर ज्याची त्याची नावं होती. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, ‘तांदूळ: काका’. माझ्या सहकाऱ्याने तो कागद खात्यात मोठ्याने वाचून दाखवला. पुढचे दोन महिने रोज सकाळी कोणीतरी मला विचारायचं, आज काय वाजवणार, कोलम की आंबेमोहोर? मी लेबलांकडे बघत बसायचो. त्या दोन महिन्यांत खोकल्याच्या बाटलीवर एकही लेबल वाकडं गेलं नाही.

कॅसेट मी घरी कपाटात कपड्यांखाली ठेवली होती. पण आई रोज विचारायची, लाव म्हणून. तिला मोतीबिंदूमुळे दिसायला कमी झालं होतं, कान मात्र शाबूत. शेवटी एका रविवारी दुपारी बायको बाहेर गेलेली असताना मी टेपरेकॉर्डर काढला. काय करायचं ते ठरवून ठेवलं होतं. त्या पोराची गिटार मध्ये थोडा वेळ एकटी वाजते, ती माझी म्हणून सांगायची. आईला त्यातलं काय कळणार! म्हाताऱ्या बाईला गिटार ही गिटार. ते खोटं बोलायला मला लाज वाटली नाही. सात वर्षं वाजवलं होतं मी, आणि त्यातलं काही कोणाला, निदान तिला, दाखवून मरावं एवढीच माझी इच्छा होती.

आई भिंतीला टेकून सुपात तांदूळ पाखडत होती. गाणं सुरू झालं. तिने दोन-तीनदा सूप हलवलं आणि मग थांबवलं. गिटारवाल्याचा तुकडा आला तेव्हा मी टेपरेकॉर्डरकडे बोट दाखवून म्हणालो, “हा मी. ऐक.”

आईने नीट ऐकलं. “ह्यो तू न्हय.”

“अगं मीच.”

“तू असो मवाळ कधी वाजवलंस?” ती म्हणाली. “तुझी घरभर आदळआपट असता. ह्यो कोण तरी गुणाचो झील दिसता.” तुकडा संपला आणि गाणारा पुन्हा टाकीवर आला. आईने मान वाकडी करून कान टेपरेकॉर्डरकडे केला. “आणि ह्यो तांदळाचो आवाज खयसून येता?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं. गाळा, चौथा ट्रॅक, पुसलेला सोलो, ‘तांदूळ: काका’. शेवटी म्हणालो, “माळ्यावर ठेवली होती ना, उंदरांनी आत तांदूळ भरले.”

“उंदीर कसले?” आई म्हणाली. “मीच घातले ते.”

मला काही उमजेना. ती सूप बाजूला ठेवून सांगू लागली, भाजी कशी केली ते सांगावं तितक्या साधेपणाने. “दर खंडेनवमीक तू कामाक गेल्यार खाली काढून पूजा केलंय. अक्षता आत जायत त्या भोकातसून. हात खय पोचता माझो? फुलां काढलंय, कुंकू पुसलंय, परत चादरीत बांधलंय. तू वरडतलंस म्हणान सांगूक नाय.” मग म्हणाली, “औंदा पण केलंय. आदल्याच दिसा.”

मला त्या खुंटीजवळचा लाल ठिपका आठवला, जो मी गंज म्हणून पुसला होता. आणि चादरीतली गिटार, जिच्यावर अकरा वर्षांत धूळ बसली नव्हती. सत्तरीची, डोळ्यांनी अधू बाई दरवर्षी स्टुलावर चढत होती आणि मी कंपनीच्या पूजेत पेढा खात उभा राहत होतो. मला लाज वाटली, आणि रडूही आलं. ते मी लपवलं नाही. तिला तसंही दिसत नव्हतं.

“पण आई,” मी म्हणालो, “मी तर वाजवायचं सोडून दिलं होतं ना.”

“तू सोडलंस,” ती म्हणाली. “मी खय सोडलंय?”

गाणं संपून नुसती टेप फिरत होती. ती म्हणाली, परत लाव. मी कॅसेट मागे घेतली आणि पुन्हा लावली. या वेळी मी कुठे बोट दाखवलं नाही. ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं गाणं ऐकत बसली, मांडीवर हात ठेवून. मध्ये एकदा विचारलं, “तांदूळ हलवता तो तूच मां?”

“मीच.”

आईने आणखी थोडा वेळ ऐकलं. मग सूप पुन्हा मांडीवर ओढून घेतलं.

“बरा हलवलंस,” ती म्हणाली.